आज्जीच्या बरण्या आणि बेजार सूनबाई

पत्र असं आहे:

"ताई, नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दीड वर्ष झालं चीनमध्ये सूझोउला राहतोय. समोरच्या फ्लॅटमध्ये सिचुआन प्रांतातली एक आज्जी आहे, नातवाला सांभाळायला आलीये, आमचं सगळं बोलणं मोबाईलच्या ट्रान्सलेटरवर चालतं. दिवाळीत मी तिला चकल्या दिल्या तर तिने मला तीन बरण्या आणि तीन बाटल्या आणून दिल्या. एका बरणीत लाल तेलकट चटणीसारखं काहीतरी, एकीत काळ्या सुरकुतलेल्या, सॉरी पण बकरीच्या लेंड्यांसारख्या बिया, आणि एकीत गढूळ पाण्यात पनीरसारखे चौकोन, ज्याचा वास मी सांगू शकत नाही. लाल वालं मी फ्लॉवरच्या भाजीत शेवटी दोन मोठे चमचे घातलं तर नवरा म्हणाला समुद्र उचलून आणलास का घरी. बाटलीतला सोया सॉस पोह्यांवर टाकला तर पोहे आंबटढाण. आज्जी रोज लिफ्टमध्ये विचारते खाल्लं का, मी रोज खोटं सांगते. पुढच्या महिन्यात सासरे येतायत, त्यांना बीपी आहे. हे वापरायचं कसं की सरळ टाकून देऊ? — बरण्यांनी बेजार"

अगं बेजार,

टाकू नकोस. हे आधी सांगते, म्हणजे बरणी घेऊन डस्टबिनकडे निघाली असशील तर परत फिरशील.

आणि पोह्यांचं म्हणशील तर तो सोया सॉस नव्हताच, व्हिनेगर होतं ते. काळं व्हिनेगर. मी नवऱ्याच्या पोस्टिंगमुळे सिचुआनमधल्याच चेंगडू शहरात चार वर्षं काढली आहेत आणि पहिल्या महिन्यात मी हाच पराक्रम फ्राइड राइसवर केलाय, तोही पाहुण्यांसमोर, त्यामुळे मी तुला हसणार नाही. दोन्ही बाटल्या काळ्या, दोन्हीवर अक्षरं आपल्याला सारखीच, आणि दुकानात शेजारी शेजारी उभ्या. यापुढे झाकण उघडून वास घे, नाहीतर बाटली हलवून बघ, सोया सॉस काचेला जरा रंग सोडतो आणि फेसही येतो.

आता मुद्द्याचं. तू चूक एकच केलीस, ती म्हणजे या सगळ्याला सॉस समजलीस. आपल्याकडे सॉस म्हटलं की टोमॅटो केचप डोळ्यासमोर येतं, वरून ओतायचं आणि खायचं, किंवा ती शेजवान चटणी, फ्रँकीला लावायची आणि मोकळं व्हायचं. आज्जीच्या बरण्यांत जे आहे ते मीठ आहे. महिनोन् महिने, काही वेळा दोन-तीन वर्षं मुरलेलं, कडधान्याची चव स्वतःत घेतलेलं मीठ. म्हणजे तू भाजीत आधी आपलं नेहमीचं मीठ घातलंस, आणि मग वरून आणखी दोन मोठे चमचे मीठच घातलंस. नवऱ्याने खाल्ली तेच खूप.

बाय द वे, शेजवान चटणीतला शेजवान म्हणजे तुझ्या आज्जीचाच सिचुआन. पण त्या चटणीत लाल मिरची आणि लसूण असतो, आज्जीच्या बरणीसारखं मुरवलेलं वाटण नसतं आणि तिथली ती जीभ बधिर करणारी मिरीही नसते. आज्जीला चाखायला देऊ नकोस, बिचारी गोंधळेल.

आधी लाल बरणी, कारण तीच खरी लक्ष्मी आहे. तिचं नाव दोउबानजियांग, नुसतं दोउबान म्हटलं तरी आज्जीला कळेल. चेंगडूच्या वायव्येला पीशिएन म्हणून गाव आहे, आता शहरातच आलंय ते आणि त्याला पीदू जिल्हा म्हणतात, तिथलं दोउबान सगळ्यात नावाजलेलं. त्यात फावा बीन्स असतात, दिसायला आपल्या वालाचा जाडजूड चुलतभाऊ म्हण, त्यांच्यावर गव्हाच्या पिठाबरोबर मुद्दाम एक विशिष्ट बुरशी वाढवतात, मग ते खाऱ्या पाण्यात मुरायला टाकतात, दुसरीकडे तिथली लांब लाल मिरची मिठात ठेचून आंबवतात, आणि मग दोन्ही एकत्र करून मोठमोठ्या मातीच्या रांजणांत उघड्यावर ठेवतात. दिवसा झाकण काढून ऊन द्यायचं आणि ढवळायचं, रात्री दव पडू द्यायचं, पाऊस आला की धावत जाऊन झाकायचं. आपल्या आज्या गच्चीवर सांडगे-पापडांची राखण करायच्या ना, डिट्टो तसं, फक्त हे वर्षभर आणि त्याहून जास्त. आणि गंमत म्हणजे चेंगडू इतकं ढगाळ शहर आहे की तिकडे म्हण आहे, सिचुआनची कुत्री सूर्य दिसला तर भुंकतात. अशा गावात उन्हात वाळवण घालायचं म्हणजे चिकाटी लागते बाई.

या सगळ्या उपद्व्यापात होतं काय, तर बुरशीतली एन्झाइम्स बीन्समधल्या प्रोटीनचे तुकडे करतात आणि त्यातून ग्लुटामेटसारखी अमिनो आम्लं सुटतात. तेच ते ग्लुटामेट, जे पांढऱ्या दाण्यांत अजिनोमोटो म्हणून मिळतं आणि ज्याला आपण घरात शिव्या देतो. मीठ भरपूर असल्यामुळे वाईट जंतूंचं काही चालत नाही आणि चव मात्र मुरत राहते. आपलं इडलीचं पीठ एका रात्रीत आंबतं आणि आंबट होतं, हे आंबट होण्यापेक्षा खोल होत जातं. खोल हा शब्द मला स्वतःला आवडत नाही, जेवणाबद्दल लिहिणारे सगळे वापरतात, पण मटणाचा रस्सा दुसऱ्या दिवशी जसा लागतो ना, तसं काहीतरी, आणि तेही मटण न घालता.

आता वापरायचं कसं. दोउबान कधीही शेवटी, वरून घालायचं नाही, कच्चं राहिलं की नुसतं खारट आणि मातकट लागतं. ते फोडणीचं काम आहे. सुरीने जरा बारीक चिरून घे कारण मिरचीची सालं आणि बीन्सचे अर्धे दाणे मोठे असतात, तेल जरा सढळ, आच मंद ते मध्यम, आणि दोउबान त्या तेलात परतत बसायचं, अर्धा मिनिट, एक मिनिट, दीड मिनिट, तेल लाल होऊन बाजूला सुटेपर्यंत. मिसळीची तर्री कशी वर येते तशी तर्री आली पाहिजे. ती आली की मगच आलं-लसूण, मग भाजी, मग पाणी. आच मोठी ठेवलीस तर मिरची जळून कडू होते, ते मी करून बसलेय, दोनदा.

पहिला पदार्थ वांग्याचा कर. तिकडे त्याला युश्यांग म्हणतात, म्हणजे मासळीच्या वासाची वांगी, आणि त्यात मासळीचा काटासुद्धा नसतो. नाव असं का यावर मला चेंगडूत तीन जणांनी तीन वेगवेगळी कारणं सांगितली, पण सगळ्यांचं एक म्हणणं होतं की मासळीला जो मसाला घालतात तोच वांग्याला घातलाय. दोघांसाठी लांब जांभळी वांगी 400 ग्रॅम घे, बोटाएवढे तुकडे कर आणि वाफवून घे. हॉटेलात तळतात, पण वांगं तेल किती पितं हे तुला मी सांगायला नको. कढईत तीन टेबलस्पून तेल, एक टेबलस्पून दोउबान, तर्री सुटली की चार-पाच पाकळ्या लसूण आणि तेवढंच आलं बारीक चिरून, परत, मग अर्धा कप पाणी, दोन टीस्पून साखर, एक टीस्पून साधा सोया सॉस, वांगी टाक, दोन-तीन मिनिटं रटरटू दे, शेवटी एक टीस्पून कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून घाल, गॅस बंद करायच्या आधी दोन टीस्पून ते तुझं पोह्यांवरचं काळं व्हिनेगर आणि वर पातीचा कांदा. मीठ? नाही. हात डब्याकडे जाईल, सवय असते, डबा लांब ठेव. साखर आणि आंबट बघून नाक मुरडू नकोस, आपण आमटीत चिंच-गूळ घालतो तेच गणित आहे हे.

मापो तोफू, म्हणजे दोउबानच्या तर्रीतलं तोफू, सोयाबीनचं पनीर म्हण, ते तर आज्जीकडूनच शिक, बाजूला उभी राहून. बधिर करणारी मिरी ती नंतर वर घालेल, त्या मिरीबद्दल एकच सांगते, तू कोकणातली असशील तर लगेच ओळखशील. आपलं तिरफळ आणि ती मिरी एकाच घराण्यातल्या आहेत. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालतो तिथे जिभेवर जी झिणझिण येते तिचीच मोठी बहीण. मला पहिल्यांदा मापो तोफू खाताना चेंगडूच्या खानावळीत एकदम मालवणची आठवण आली होती आणि समोरच्या बाईला ते समजावून सांगताना ट्रान्सलेटरने तिरफळाचं काय केलं देव जाणे, ती मला दंतवैद्याचा पत्ता द्यायला लागली.

काळ्या बिया. लेंड्या म्हणालीस, माझा मुलगा पण तेच म्हणायचा, आता चुकून आज्जीसमोर ट्रान्सलेटर ऑन असताना म्हणू नकोस. त्या दोउछी, काळं सोयाबीन मिठात मुरवून अर्धवट वाळवलेलं. हा प्रकार फार जुना. हुनान प्रांतात छांगशाला 1972 मध्ये मावांगदुई नावाच्या ठिकाणी हान राजवटीतल्या एका उमराव बाईची कबर उघडली, 2100 वर्षांहून जुनी, आणि तिच्याबरोबर पुरलेल्या खाण्यापिण्याच्या मडक्यांत दोउछी सापडली. म्हणजे बाईने वर जाताना पण बरणी सोडली नाही.

दोउछी एक टीस्पून घे, पाण्याखालून पटकन धू म्हणजे वरचं मीठ जाईल, सुरीच्या पात्याने जरा दाब किंवा ओबडधोबड चीर आणि लसणाबरोबर तेलात टाक. वास आधी जुन्या वाड्याच्या माळ्यासारखा येतो आणि मग अचानक चॉकलेटच्या बाजूला जातो, मला तरी तसं वाटतं. पापलेटसारखा मासा वाफवताना वर दोउछी, आलं, लसूण आणि थोडं तेल, एवढंच, बाकी काही नको. आणि ही एक गोष्ट आपल्या स्वयंपाकात पण चालते, लसणीची फोडणी दिलेली पालक किंवा माठाची भाजी करतेस ना त्यात मिठाऐवजी अर्धा-पाऊण टीस्पून चिरलेली दोउछी घालून बघ. सासऱ्यांना सांगू नकोस, कौतुक झाल्यावर सांग.

पण एक सांगते, सगळीकडे घुसवू नकोस. गोडा मसाला, खोबरं, चिंच-गूळ असलेल्या भाज्यांत यातलं काहीही घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी भरल्या वांग्यात दोउबान घालून पाहिलंय. दोन्ही वाया गेलं, वांगी पण आणि दोउबान पण, दोघं एकमेकांशी बोलायलाच तयार नाहीत. फ्यूजन-बियुजन ज्यांना करायचंय त्यांनी करावं.

तिसरी, वासाची बरणी. ते फूरू, आंबवलेलं तोफू. तोफूच्या चौकोनांवर आधी पांढरी बुरशी वाढवतात आणि मग मीठ आणि तांदळाची दारू असलेल्या पाण्यात मुरवतात. ब्लू चीज खाल्लं असशील तर त्या गल्लीतलं आहे हे. लाल रंगाचं पण मिळतं, ते लाल यीस्टच्या तांदळामुळे लाल होतं, ते जास्त करून मांसाला लावतात. तुझं पांढरं दिसतंय. चौकोनांवर बारीक पांढरे कडक ठिपके असले तर घाबरू नकोस, ते टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे खडे असतात. मात्र लोकरीसारखी हिरवी-काळी बुरशी आली असेल तर बाई, बरणीचा मोह सोड.

हे खायचं सगळ्यात सोपं आहे. चिनी लोक सकाळी भाताच्या पेजेबरोबर काडीच्या टोकाने इवलासा तुकडा खातात, आपण मऊभाताबरोबर लोणच्याची फोड चोखतो तसं, अख्खा चौकोन तोंडात टाकायचा नाही. आणि दुसरं, तिकडे बाजारात पोकळ देठाची पालेभाजी मिळते बघ, वॉटर स्पिनॅच, आपल्याकडे कलमी साग म्हणतात काही जण. अर्धा किलो भाजी असेल तर दोन-तीन चौकोन त्यांच्याच पाण्यात कुस्करून घे, कढईत कडक तापलेल्या तेलात लसूण, मग भाजी, पटापट मोठ्या आचेवर, आणि भाजी मऊ पडली की ते कुस्करलेलं घालून एकदा हलवून उतरव. वास कुठे जातो कळत नाही, भाजीला साय घातल्यासारखी चव येते. तोफूचा वास घेऊन माझा नवरा घरातून बाहेर गेला होता आणि ही भाजी दोनदा वाढून घेतली. घरी कुणी दारू अजिबात चालत नाही असं म्हणणारं असेल तर मात्र फूरू त्यांना वाढू नकोस, फसवून तर अजिबात नको.

बाटल्या भरभर सांगते. उरलेल्या दोन सोया सॉस असणार, एक पातळ, ती शंगचोउ, ती चवीला आणि जास्त खारट, एक दाट आणि गडद, ती लाओचोउ, ती फक्त रंगाला, अर्धा टीस्पून पुरे, नाहीतर भाजी डांबरासारखी दिसते. नुसतं सोया सॉस असं लिहिलेल्या रेसिपीत पातळ वालीच घ्यायची. पातळ बाटलीच्या लेबलवर ट्रान्सलेटर धर, 100 मिलीला अमिनो नायट्रोजन, म्हणजे मुरलेल्या चवीचं माप, किती ते लिहिलेलं असतं, 0.8 ग्रॅम किंवा वर असेल तर वरच्या दर्जाची, आज्जीने तुझ्यावर खर्च केलाय असं समज. आणि ते काळं व्हिनेगर बहुतेक झेनजियांगचं, ते शहर तुझ्याच च्यांगसू प्रांतात आहे. चिकट तांदळापासून करून मुरवतात. आल्याच्या बारीक काड्या घालून मोमोसारख्या डंपलिंगबरोबर खा, आणि कोणत्याही भाजीत अगदी शेवटी घाल, आधी घातलं तर वास उडून जातो. बटाटे काडेपेटीच्या काडीसारखे चिरून, धुऊन, मोठ्या आचेवर जेमतेम दोन मिनिटं परतून वर थोडं व्हिनेगर घालायची एक भाजी आहे तिकडे, बटाटा मुद्दाम कुरकुरीत ठेवतात. आपली माणसं पहिल्या घासाला म्हणणारच, बटाटा कच्चाय. म्हणू दे.

आता सासरे. हे गमतीत नाही लिहीत. पातळ सोया सॉसच्या एका टेबलस्पूनमध्ये साधारण अडीच ग्रॅम मीठ असतं, दोउबानच्या एका टेबलस्पूनमध्ये पण त्याच्याच आसपास, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे वरची वांगी दोघांनी खाल्ली तर प्रत्येकाच्या वाट्याला एकाच भाजीतून दीड ग्रॅमच्या आसपास आलं. त्यामुळे त्यांच्यासाठी त्या दिवशी भात बिनमिठाचा, लोणचं-पापड बंद, आमटीत मीठ निम्मं, आणि आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळेलाच. मुरलेल्या चवीमुळे कमी मिठात पण जेवण अळणी लागत नाही हे खरं आहे, पण ते तेव्हाच जेव्हा तू हे मिठाच्या जागी घालशील, मिठाच्या जोडीला नाही. त्यांच्या डॉक्टरांनी मीठ एकदम तोडायला सांगितलं असेल तर त्यांचं ताट वेगळं कर आणि वाद घालू नकोस. आणि एक, घरात कुणाला जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता आहे असं निदान झालेलं असेल तर फावा बीन्स त्यांनी खायचे नसतात, म्हणजे दोउबान बंद. गव्हाची अॅलर्जी वाल्यांना पण दोउबान आणि सोया सॉस दोन्ही नको. व्हेज आहात का ते तू लिहिलं नाहीस, असाल तर या सहाही गोष्टी एरवी चालतात, पण सुपरमार्केटमध्ये शेजारीच ऑयस्टर सॉस असतो तो उचलू नकोस, तो कालवांचा असतो.

ठेवायचं कसं ते तुझ्या आईने तुला लोणच्याबद्दल जे सांगितलं तेच. कोरडा चमचा. दोउबान उघडल्यावर फ्रीजमध्ये, वर तेलाचा थर राहू दे, कमी झाला तर थोडं तेल ओत. फूरूचे चौकोन त्यांच्या पाण्याखाली बुडलेले हवेत. दोउछी घट्ट झाकणात. वर्षभर काही होत नाही.

राहिली आज्जी. लिफ्टमध्ये खोटं बोलणं थांबव, या रविवारी तिला घरी बोलाव आणि वांगी तिच्यासमोर कर, ती तुझ्या हातातून झारा काढून घेईल याची मी गॅरंटी देते, घेऊ दे, तिथेच खरी शिकवणी सुरू होते. आणि तिची बरणी संपली की रिकामी परत करू नकोस, आपल्यात करत नाहीत. लिंबाचं गोड लोणचं भरून दे. फक्त ट्रान्सलेटरवर आधी टाईप करून ठेव की यात ओला चमचा घालायचा नाही, ती बहुतेक तुझ्याकडे अशी बघेल की हे तू मला सांगतेस होय.